थकव्याचे निदान आणि रक्तपरीक्षा : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

(१)

थकवा हा रोग नव्हे, ती तक्रार आहे. रोगाला नाव असते, लक्षणसमूह असतो आणि बहुधा कारणही असते. तक्रारीला मात्र प्रथम शब्द लागतो. म्हणून थकव्याच्या निदानाचा इतिहास पाहू जाता रुग्णाने आपल्या अवस्थेसाठी कोणता शब्द योजला आणि वैद्याने त्या शब्दातून काय घेतले, येथूनच प्रारंभ करणे युक्त ठरते. वर्धा जिल्ह्यापुरता हा इतिहास पाहिला तरी गेल्या शंभर वर्षांत निदानाचे साधन कसे बदलले आणि साधनाबरोबर प्रश्नही कसा बदलत गेला, याचे चित्र बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

मराठीतील ‘थकणे’ या धातूचे मूळ प्राकृत ‘थक्क’ या रूपात आहे. हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ‘स्था’ या संस्कृत धातूला प्राकृतात होणाऱ्या आदेशांत ‘थक्क’ची गणना केली आहे. म्हणजे मूळ अर्थ थांबणे, उभे राहणे हा होता. चालता चालता जो थांबला तो थकला. या दृष्टीने पाहता थकवा ही अंतरीची भावना नसून क्रियेतील खंड आहे. वऱ्हाडी बोलीच्या टापूत आजही या अवस्थेचे वर्णन बहुतांशी क्रियेच्याच भाषेत होते : हातपाय गळून जातात, अंगात त्राण राहत नाही, चार पावले चालले की धाप लागते, ओझे उचलवत नाही. वेचणीच्या हंगामात कापसाचे ओझे वजनावर मोजले जात असल्यामुळे ज्याला कमी वेचवते त्याची कमाईही कमी होते, आणि थकवा आपोआप आकड्यात उतरतो.

दुसरा एक शब्दसमूह रक्ताशी निगडित आहे. ‘रक्ताचे पाणी करणे’, ‘रक्त आटविणे’ हे वाक्प्रचार अतिश्रमाचे वाचक आहेत. ‘अंगात रक्त नाही’, ‘पांढरी फटक पडली’ ही वर्णने मात्र श्रमाची नसून अवस्थेची आहेत. श्रमाने रक्त आटते आणि रक्त आटले की श्रम होत नाहीत, हे दोन्ही अर्थ मराठी भाषा प्रयोगशाळेच्या पुष्कळ आधीपासून एकत्र नांदवीत आली आहे. प्रयोगशाळेने यांतील दुसरा अर्थ मोजता येईल असा केला. पहिल्या अर्थाचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत विवेचनाचा खरा विषय होय.

(२)

प्राचीन वैद्यकात या अवस्थेला पांडुरोग असे नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. रोग प्रकट होण्यापूर्वीची लक्षणे सांगताना तेथे हृदयाची धडधड, त्वचेची रूक्षता, घाम न येणे आणि श्रम यांचा उल्लेख येतो. येथे ‘श्रम’ याचा अर्थ काही न करता वाटणारा शीण असा घ्यावयाचा. रोगाचे प्रकार चरकाने पाच मानले : वात, पित्त व कफ या दोषांचे तीन, तिन्हींच्या प्रकोपाचा चौथा आणि मृद्भक्षणजन्य, म्हणजे माती खाल्ल्याने होणारा, पाचवा. सुश्रुताने चारच प्रकार मानले. चरकाचा पाचवा प्रकार विशेष लक्ष वेधून घेतो. शरीरात लोह कमी पडले असता माती, राख, कच्चे तांदूळ यांसारखे पदार्थ खाण्याची वासना होते, हे आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. माती खाणे हे कारण की परिणाम, याविषयी चरकाचे उत्तर आजच्या उत्तराहून वेगळे असले तरी त्या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या नजरेतून सुटला नाही. चिकित्सेतही नवायस चूर्ण, मंडूर यांसारखे लोहाचे कल्प सांगितलेले आहेत. युरोपातही सतराव्या शतकात सिडनहॅमने तरुण मुलींच्या फिकटपणावर लोखंडाचा कीस मद्यात भिजवून देण्याचा उपाय सांगितला आणि १८३२ मध्ये ब्लोच्या लोहगोळ्या प्रचारात आल्या. थोडक्यात, रक्त मोजता येण्यापूर्वीच लोहाचा उपयोग पूर्वेस व पश्चिमेस दोन्हीकडे ज्ञात होता.

मोजणी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रक्ताच्या तांबड्या रंगद्रव्याला होप्पे-सायलर याने १८६४ मध्ये हिमोग्लोबिन हे नाव दिले. १८७८ मध्ये लंडनच्या गॉवर्सने ते मोजण्याचे साधे उपकरण तयार केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडच्या साली याने त्यात सुधारणा केली. सालीचे उपकरण भारतातील लहानमोठ्या दवाखान्यांत अनेक दशके वापरात होते. त्याची कृती अशी : बोटाच्या टोकाला सुई टोचून २० घनमिलिमीटर रक्त नळीने ओढून घ्यावयाचे, ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळावयाचे, रंग तपकिरी होऊन स्थिरावेपर्यंत काही मिनिटे थांबावयाचे, मग शेजारच्या प्रमाण-काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालावयाचे आणि नळीवरचा आकडा वाचावयाचा. म्हणजे शेवटचा निर्णय डोळ्यांचाच असे. फरक एवढाच की पूर्वी वैद्य रुग्णाच्या पापणीचा रंग पाही आणि आता तो नळीतल्या द्रावाचा रंग पाहू लागला.

या उपकरणांवरील आकडे पुष्कळदा टक्क्यांत असत आणि शंभर टक्के म्हणजे किती ग्रॅम, याविषयी वेगवेगळ्या पद्धतींत एकवाक्यता नव्हती. सालीचे शंभर टक्के आणि हॉल्डेनचे शंभर टक्के एक नव्हते. म्हणून एकाच स्त्रीचे रक्त एका दवाखान्यात कमी आणि दुसऱ्यात बरे ठरण्याचा संभव होता. पुढे सायनमेटहिमोग्लोबिन पद्धती प्रमाण ठरली, मोजणी प्रकाशमापकावर होऊ लागली आणि दर १०० मिलिलिटर रक्तामागे इतके ग्रॅम अशी भाषा रूढ झाली. लोकव्यवहाराने या भाषेचेही आपल्या परीने रूपांतर केले. आज खेड्यात ‘रक्त सात पॉइंट आहे’ असे सहज म्हटले जाते. ग्रॅम गेला, हिमोग्लोबिनही गेले. उरले ते ‘रक्त’ आणि त्याचा आकडा. ‘अंगात रक्त नाही’ या जुन्याच वाक्याला आता संख्या जोडली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

(३)

रक्ताचा आकडा आणि थकव्याचे कारण या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे दाखविणारे सर्वांत बोलके उदाहरण वर्धा जिल्ह्याच्या सर्वांत प्रसिद्ध रहिवाशाचे आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील सेगाव येथे राहावयास आले. त्या गावाला पुढे १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. सेगाव त्या काळी हिवतापाचे गाव होते. पहिल्याच वर्षी, १९३६ च्या सप्टेंबरात, गांधीजींना हिवताप झाला आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी इस्पितळात हलवावे लागले. ग्रामसेवेसाठी खेड्यात आलेल्या मनुष्याला खेड्याच्याच रोगाने गाठले होते.

१९४२ च्या ९ ऑगस्टला अटक झाल्यावर गांधीजींना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे तेथेच निधन झाले. त्यानंतर एप्रिलमध्ये गांधीजींना पुन्हा हिवताप आला आणि त्यांची प्रकृती वेगाने खालावली. रक्तक्षय वाढला असल्याचा उल्लेख त्या दिवसांतील सरकारी पत्रकांत आला. प्रकृतीच्या कारणावरूनच ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली. वय चौऱ्याहत्तर, नुकताच पत्नीवियोग, एकवीस महिन्यांची स्थानबद्धता, मागील वर्षीचा एकवीस दिवसांचा उपवास आणि वर हिवताप. अशा मनुष्याला थकवा का आला, हा प्रश्नच कोणाला पडू नये, इतकी कारणे समोर होती.

सुटकेनंतर विश्रांतीसाठी गांधीजी मुंबईला जुहू येथे राहिले. तेथे झालेल्या तपासण्यांत आणखी एक गोष्ट उघड झाली. त्यांच्या आतड्यात अंकुशकृमी आणि आमांशाचे अमीबा होते. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतो. त्याच्या एका जातीचा एकच कृमी दिवसाला सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घेतो, दुसऱ्या जातीचा त्याहून पुष्कळ कमी. कृमींची संख्या शंभरांच्या घरात गेली की शरीरातील लोहाचा साठा हळूहळू रिता होत जातो. रक्ताच्या परीक्षेने रक्त कमी आहे एवढे सांगितले होते. ते कमी करणाऱ्या कारणांतील एक कारण रक्तात सापडले नाही. ते मलाच्या परीक्षेत सापडले.

या घटनेचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीत वाढते आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते. उघड्यावरचा शौच आणि अनवाणी पाय या दोन गोष्टी एकत्र आल्या की तिचे चक्र पूर्ण होते. गांधीजींच्या शरीरात ही बाधा नेमकी कोठे शिरली असेल ते असो. परंतु सेवाग्रामात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैला मातीने झाकण्याचा जो आग्रह वर्षानुवर्षे धरला, त्याचे वैद्यकीय समर्थन यापेक्षा अधिक प्रत्यक्ष असू शकले नसते. ग्रामसफाईचा हा आग्रह पुष्कळदा नैतिक किंवा सामाजिक दृष्टीनेच वर्णिला जातो. रक्तक्षयाच्या कारणमीमांसेतही त्याला स्थान आहे, ही गोष्ट मागे पडली आहे. उपचारानंतर गांधीजी काही काळ पाचगणीला राहिले आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये सेवाग्रामला परतले.

(४)

आगाखान राजवाड्यात गांधीजींच्या समवेत स्थानबद्ध असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनीच पुढे सेवाग्रामच्या वैद्यकीय कार्याची धुरा वाहिली. बिर्ला यांच्या अतिथिगृहात स्त्रिया व मुले यांच्यासाठी पंधरा खाटांचे कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यालाच जोडून महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था स्थापन झाली. रुग्णालयाचा आरंभ स्त्रिया आणि मुले यांच्यापासून व्हावा, हे रक्तक्षयाच्या इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मासिक पाळी, बाळंतपणे आणि घरात शेवटी जेवण्याची रीत या तिन्ही गोष्टींचा भार स्त्रीच्या लोहाच्या साठ्यावर पडतो.

गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाविषयी या प्रांतातले मूलगामी संशोधन मुंबईत झाले होते. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज वैद्य मुंबईला आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या कुटुंबांतील गरोदर स्त्रियांना होणारा तीव्र रक्तक्षय हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. सूक्ष्मदर्शकाखाली या स्त्रियांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोहाच्या अभावी पेशी लहान व फिक्या होतात. येथे त्याच्या उलट चित्र होते. म्हणजे हिमोग्लोबिनचा आकडा तोच असूनही पेशींचे आकारमान वेगळे होते आणि त्यावरून कारणही वेगळे असले पाहिजे, असे अनुमान निघत होते. विल्सने यीस्टचा अर्क, मार्माइट, देऊन पाहिला आणि स्त्रिया बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पर्निशस ॲनिमियावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या रोगात चालत नाही, हे पुढे तिने व तिच्या सहकाऱ्यांनी दाखविले. तो अज्ञात घटक म्हणजे फोलिक आम्ल. १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून त्याला हे नाव मिळाले आणि १९४५ च्या सुमारास ते कृत्रिम रीतीने तयार झाले. गिरणगावातील गरीब स्त्रियांच्या थकव्यातून जगाला एक जीवनसत्त्व मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच सुमारास वर्ध्यात थकव्याचा विचार निराळ्या वाटेने चालला होता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि त्याची सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाण्याचे तेल, गूळ, हिरव्या पालेभाज्या यांचा पुरस्कार तेथून सातत्याने झाला. खेडूत दुबळा का, या प्रश्नाचे उत्तर तेथे अन्नात आणि अन्नावरील प्रक्रियेत शोधले जात होते. मुंबईची वाट प्रयोगशाळेतून गेली आणि वर्ध्याची वाट स्वयंपाकघरातून. दोन्ही वाटा पालेभाजीपाशी एकत्र आल्या, ही गोष्ट योगायोगाची असली तरी निरर्थक नव्हे.

तथापि अन्नातील लोहाचा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. ज्वारी, तूर, पालेभाजी यांत लोह असते. परंतु धान्य आणि डाळी यांतील फायटेटांमुळे त्याचा थोडाच अंश आतड्यातून रक्तात जातो. ताटात लोह असूनही अंगात ते उतरत नाही. आंबट फळ बरोबर घेतल्यास हे प्रमाण वाढते आणि जेवणासोबत चहा घेतल्यास घटते. १९७० मध्ये केंद्र सरकारने पोषणज रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा कार्यक्रम सुरू केला आणि लोह व फोलिक आम्ल यांच्या गोळ्या गरोदर स्त्रियांपर्यंत पोचू लागल्या. त्या एका गोळीत सिडनहॅम आणि लूसी विल्स या दोघांचेही ऋण आहे. परंतु गोळी सर्वांना एकच होती आणि थकव्याची कारणे अनेक होती. या विसंगतीचा प्रत्यय विदर्भात एका वेगळ्याच रोगाने दिला.

(५)

विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी शिकागोच्या हेरिक याने १९१० मध्ये प्रथम वर्णिल्या. १९४९ मध्ये पॉलिंग व त्याचे सहकारी यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे सिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये लेहमन व कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत असे हिमोग्लोबिन आढळले. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून विदर्भ हा या रोगाचा एक प्रमुख टापू म्हणून ओळखला जातो. अनुसूचित जाती आणि गोंड, परधान आदी जमाती यांत त्याचे प्रमाण अधिक आढळते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हा रोग कोणत्याही जातीचा गुण किंवा दोष नाही. ॲलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखविल्याप्रमाणे हे जनुक एकाच पालकाकडून मिळाले असता घातक हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणून जेथे शतकानुशतके हिवताप होता तेथे ते टिकून राहिले. ज्या हिवतापाने १९३६ मध्ये सेगावच्या नव्या रहिवाशाला गाठले, त्याचाच फार जुना ठसा या भागातील लोकांच्या रक्तात उमटलेला आहे. लोकवस्तीचा आणि रोगराईचा इतिहास येथे रक्तपेशीत लिहिला गेला आहे.

निदानाच्या दृष्टीने या शोधाने मोठा पालट घडविला. समजा, आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखादी मजूर स्त्री दीर्घकाळच्या थकव्याची तक्रार घेऊन आली आणि तिचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅम निघाले. लोह कमी असेल तर पेशी लहान असतील आणि लोहाच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत आकडा वर चढेल. फोलिक आम्ल किंवा ब-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या असतील. सिकलसेल असेल तर पेशी वेळेपूर्वी फुटत असतील, सांधे व हाडे दुखत असतील, डोळे पिवळसर दिसतील. आणि लोहाची खरोखर कमतरता नसेल तर लोहाच्या गोळ्यांनी काही साधणार नाही. थॅलेसिमियाचा वाहक असेल तर पेशी लहानच असतील, पण लोहाचा साठा पुरेसा असेल. चार वेगळी कारणे, चार वेगळे उपाय आणि आकडा एकच.

सिकलसेलच्या परीक्षेतही हीच पायरी आहे. खेड्यात करता येणारी विद्राव्यता चाचणी दोषयुक्त हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. व्यक्ती केवळ वाहक आहे की रोगी, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी विद्युत्संचारण किंवा तत्सम परीक्षा लागते. हा भेद वैद्यकीयदृष्ट्या मूलभूत आहे. वाहक व्यक्तीला त्या कारणाने सामान्यतः थकवा येत नाही. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रोगी होण्याची शक्यता चारांत एक असते. परंतु लोकभाषेत ‘त्याला सिकलसेल आहे’ या एकाच वाक्यात वाहक आणि रोगी दोघेही सामावले जातात. त्या वाक्याने सोयरीक मोडू शकते. मुलीच्या बाबतीत ही भीती अधिक. म्हणूनच कुटुंबे परीक्षा टाळतात किंवा तिचा निष्कर्ष दडवितात. प्रयोगशाळेने केलेला भेद भाषेत उतरला नाही, तर अशी किंमत मोजावी लागते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. या मोहिमेचे यश चाचण्यांच्या संख्येइतकेच ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ घरोघर पोचण्यावर अवलंबून आहे.

(६)

आकडा जसजसा सुलभ झाला तसतशी त्याच्या मर्यादांचीही जाणीव झाली. पापणी, जीभ, तळहात यांच्या फिकटपणावरून रक्तक्षय ओळखण्याची पद्धत कितपत विश्वसनीय आहे, याची परीक्षा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातच झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र रक्तक्षय ओळखण्यास फिकटपणाचा काही उपयोग होतो. परंतु मध्यम रक्तक्षय त्यावरून ना निश्चित करता येतो, ना नाकारता येतो. आणि एकाच रुग्णाविषयी दोन परीक्षकांतील एकमत समाधानकारक नव्हते, असे त्यातून दिसून आले. डोळ्यांच्या साक्षीवर विसंबून राहता येत नाही, हा धडा सालीच्या नळीपासून सुरू झाला होता. तो येथे पूर्ण झाला.

परंतु यंत्राची साक्षही निरपेक्ष नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. गोळ्यांच्या वाटपाला पन्नास वर्षे होत आली असता प्रमाण वाढावे, याचा अर्थ काय लावावयाचा? काहींनी कार्यक्रमाच्या अपयशाकडे बोट दाखविले. काहींनी मोजणीवरच आक्षेप घेतला : बोटाच्या टोकाचे रक्त आणि शिरेतील रक्त यांचे आकडे जुळत नाहीत, आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांसाठी ठरविलेली १२ ग्रॅमची सीमा भारतीयांना जशीच्या तशी लावावी काय, असा त्यांचा प्रश्न होता. टक्का आणि ग्रॅम यांचा जुना वाद अशा रीतीने नव्या रूपात परत आला. त्यातून निष्पन्न होते ते इतकेच की सीमारेषा ही निसर्गाने आखलेली नसते. ११.९ आणि १२.१ या दोन आकड्यांच्या मध्ये कोणत्याही स्त्रीचा थकवा सुरू होत नाही किंवा संपत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. १४ ऐवजी ७ ग्रॅम असेल तर रक्ताची वहनशक्ती निम्मी होते. पण ही घट वर्षानुवर्षे हळूहळू झाली तर हृदय जलद चालून, शरीर हालचाल कमी करून तिच्याशी जुळवून घेते. स्त्री काम करीतच राहते. फक्त मधून मधून थांबते. ‘थकणे’ या धातूचा मूळ अर्थ येथे अक्षरशः खरा ठरतो. आपण थकलो आहोत हे तिचे तिलाही कळत नाही, कारण बरे असणे म्हणजे काय याची तुलना तिच्यापाशी नसते. श्रीलंकेतील चहामळ्यांवर झालेल्या आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोह दिल्यावर रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे काम आणि कामाबाहेरची हालचाल दोन्ही वाढल्याचे आढळले. कामाबाहेरची हालचाल वाढली, हा त्यातील अधिक मोलाचा निष्कर्ष होय. मजुरीनंतर उरणारे बळ माणसाचे स्वतःचे असते.

उलटपक्षी, आकडा प्रमाणात असूनही थकवा असू शकतो. लोहाचा साठा हिमोग्लोबिन घटण्यापूर्वीच रिता होतो आणि तो फेरिटिनच्या परीक्षेने कळतो. अवटू ग्रंथीचे मांद्य, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, क्षयरोग, ब-१२ ची उणीव यांसाठी निराळ्या परीक्षा आहेत. त्यांतील बऱ्याच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलभ झाल्या आणि आज तालुक्याच्या गावीही होतात. तरीदेखील सर्व परीक्षा निर्दोष येऊन थकवा राहतो, असेही घडते. अपुरी झोप, मनाचा विषाद, कर्ज, मद्यपी पतीचा जाच, दिवसाला बारा-चौदा तास श्रम यांची नोंद कोणत्याही नळीत होत नाही. अशा वेळी ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य उच्चारले जाते. ते प्रयोगशाळेपुरते सत्य असते. रुग्णापुरते ते सत्य नसते.

(७)

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात थकव्याचा अर्थ क्रमाक्रमाने पालटला. प्रथम तो वर्णावरून ओळखला जाई. मग आकड्यावरून ओळखला जाऊ लागला. नंतर पेशीच्या आकारावरून व अखेर रेणूच्या रचनेवरून त्याचे पृथक्करण झाले. प्रत्येक टप्प्यावर नवे ज्ञान मिळाले, यात संशय नाही. परंतु प्रत्येक टप्प्यावर उत्तर मिळाले असे वाटून चौकशी थांबण्याचा धोकाही होता. १९४४ मध्ये रक्तक्षय आहे एवढ्यावर वैद्य थांबले असते, तर अंकुशकृमी सापडला नसता. मुंबईत लोहाच्या गोळीवर विल्स थांबली असती, तर फोलिक आम्लाचा माग लागला नसता. विदर्भात ८ ग्रॅमचा अर्थ सरसकट लोहाची उणीव असाच लावला गेला असता, तर सिकलसेलचे रोगी निष्फळ गोळ्या खात राहिले असते; आणि जेथे तो तसा लावला गेला तेथे ते तसेच राहिले.

रक्तपरीक्षा ही साक्ष आहे, निर्णय नव्हे. साक्ष कोणत्या प्रश्नाला दिली आहे हे पाहूनच तिचे मोल ठरते. आणि तो प्रश्न विचारण्यासाठी रुग्णाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकावे लागते. पाय गळतात की धाप लागते, सकाळी शीण असतो की संध्याकाळी, माती खावीशी वाटते काय, पाळीत किती रक्त जाते, सांधे दुखतात काय, घरात आणखी कोणाला असे होते, जेवण शेवटी कोण घेते, शेतात अनवाणी कोण जाते, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर कोणती परीक्षा करावयाची ते ठरते. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक वर्षीच्या विद्यार्थ्यांनी एक खेडे दत्तक घेऊन तेथे राहण्याची जी परंपरा आहे, तिचे शैक्षणिक मर्म हेच असावे.

‘रक्ताचे पाणी करणे’ या वाक्प्रचारातील जुना अर्थ, म्हणजे श्रमाने रक्त आटते हा अर्थ, प्रयोगशाळेच्या भाषेत बसला नाही म्हणून तो असत्य ठरत नाही. कापसाच्या शेतात अनवाणी वाकून वेचणारी, घरी सर्वांमागून जेवणारी आणि सहा-सात ग्रॅमवर संसार ओढणारी स्त्री त्या वाक्प्रचाराचा अर्थ प्रत्यक्ष जगत असते. तिच्या रक्ताची परीक्षा झालीच पाहिजे. तिच्या अंगात रक्त किती आहे हे त्या परीक्षेतून कळेल. ते कोठे जाते, हे शोधण्याचे काम मात्र त्यानंतरच सुरू होते.